एकट्यानं संसार थाटण्याची सोपी रीत : फक्त नवशिक्यांसाठी

लेकरा, तुझा जन्म तीर्थपुरीच्या शिवारात, झाडाखाली गळून पडलेल्या मोसंबीत झाला आहे. अंड्यातून बाहेर आलंस तेव्हा कौतुकाला कुणी नव्हतं. आई फळाच्या पलीकडच्या बाजूला पुढची अंडी घालण्यात गुंतली होती, आणि बाप या विषयावर खाली सविस्तर येईलच. अंग पारदर्शक, डोळे नाहीत, पूर्ण वाढ झाली तरी लांबी जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्या भांडवलावर तीन-चार दिवसांत तुला संसार उभा करायचा आहे, तोही कुणाच्या मदतीशिवाय. त्यासाठी ही पुस्तिका.

राहण्याची सोय

आंबिया बहाराचं फळ पाडाला येतं तेव्हा रात्री रसशोषक पतंग येतो आणि सालीतून सोंड खुपसून रस पितो. भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, फळ पिवळं पडतं, गळतं. बागमालक कपाळाला हात लावतो, व्यापारी भाव पाडतो, आणि तुला घर मिळतं. गळालेली फळं वेचून खड्ड्यात पुरावीत अशी शिफारस दर वर्षी होते. ती किती बागांत पाळली जाते हे तू जिवंत आहेस यावरूनच समजून घे.

कुणी विचारलं तर ठणकावून सांग की आपण मोसंबी खात नाही, मोसंबी सडवणारे जिवाणू खातो. 'सूत्रकृमी' म्हटलं की शेतकरी औषधाचा डबा शोधायला लागतो, पण तो राग मुळांना चिकटून रस पिणाऱ्या टायलेन्क्युलसवरचा आहे. आडनाव एक असल्याचा हा त्रास. तुझं घराणं वेगळं, सीनोऱ्हॅब्डायटिस. त्यातला एलिगन्स हा चुलतभाऊ जगप्रसिद्ध. त्याच्यावर काम करणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ साली नोबेल मिळालं. तुझी शाखा ब्रिग्जी, उष्ण मुलखात जास्त रमणारी. या शाखेचा प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरला जाणारा वाण आपल्या शेजारच्या राज्यातला, अहमदाबादचा आहे, आणि २००३ साली त्याचा अख्खा जनुकसंच छापून आला. चार पाहुण्यांत सांगण्यासारखी गोष्ट आहे, सांगत जा. खाली दिलेले बरेचसे आकडे एलिगन्सवरून घेतले आहेत. तुझे थोडे इकडेतिकडे होतील, पण घराण्याची रीत एकच.

पात्रता

तू उभयलिंगी आहेस. आधी शुक्राणू तूच तयार करणार, मग बीजांडं तूच, आणि दोघांची गाठही आत तूच घालून देणार. पत्रिका नको, मध्यस्थ नको, हुंडा नको, मंगल कार्यालयाचं भाडं नको. नगरपंचायतीत नोंदणीचाही प्रश्न नाही.

लग्न टाळण्याची या भागाला परंपरा आहे. याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले अशी आख्यायिका आहे. तुझी गत मात्र उलटी. समर्थांनी संसार टाळला. तू फक्त जोडीदार टाळणार, संसार तीनशे लेकरांचा करणार. तेव्हा त्यांचं नाव पुढे करून फार मोठेपणा मिरवू नकोस.

सगोत्राची चिंता करायचं कारण नाही. तुझ्या कुळानं इतक्या पिढ्या स्वतःशीच लग्न लावलं आहे की जे वाईट गुण उघडे पडायचे होते ते पडून केव्हाच गाळले गेले. माणसाला हे जमत नाही. वरच्या झाडाला मात्र जमलं आहे: मोसंबीचा 'न्यूसेलर' नावाचा वाण बीजातल्या आईच्याच पेशींतून उगवलेल्या रोपावरून निवडलेला आहे. त्या रोपाला बाप नव्हता. तू योग्य सावलीत आहेस.

आधी शुक्राणू, मग बीजांडं, आणि हा क्रम बदलायचा नाही

चार वेळा कात टाकून तू प्रौढ होशील. शेवटची कात टाकण्याआधी तुझ्या जननग्रंथीच्या दोन्ही शाखा शुक्राणू बनवायला घेतील, प्रत्येकी सुमारे दीडशे. मिळून तीनशे झाले की कारखाना कायमचा बदलेल, आणि त्यानंतर मरेपर्यंत फक्त बीजांडं. मधेच आठवण झाली म्हणून आणखी चार शुक्राणू काढू म्हणशील तर जमणार नाही.

हे शुक्राणू शुक्रकोशात जाऊन बसतात. त्यांना शेपूट नाही, ते पोहत नाहीत, अमीबासारखे सरपटतात. वरून एक-एक बीजांड शुक्रकोशात उतरतं, फळतं आणि पुढे गर्भाशयाकडे ढकललं जातं. जाता जाता ते पाच-पन्नास शुक्राणूंना आपल्याबरोबर बाहेर रेटून नेतं. ते बिचारे वळून पुन्हा सरपटत वर येतात, जागा धरतात, पुढच्या बीजांडाची वाट बघतात. दर खेपेला हाच प्रकार. हा तपशील लक्षात ठेव; पुढे तुझ्या साऱ्या अडचणी इथूनच सुरू होणार आहेत.

तुझा एकही शुक्राणू सहसा वाया जात नाही. तीनशे शुक्राणू, तीनशे लेकरं, हिशेब चोख. त्यानंतरही बीजांडं येत राहतील, पण त्यांना फळवणारं कुणी उरलेलं नसेल.

इथे प्रत्येक नवशिक्या एकच प्रश्न विचारतो: मग सुरुवातीलाच पाचशे का करू नयेत? विचार चांगला आहे आणि तो करून पाहिलेलाही आहे. १९९१ साली हॉजकिन आणि बार्न्स यांनी एलिगन्सचा असा एक बदललेला वाण तपासला, जो जास्त शुक्राणू बनवायचा आणि खरोखरच पाचशेच्या घरात लेकरं काढायचा. पण शुक्राणू बनवण्यात वेळ गेल्यानं पहिलं अंडं उशिरा पडायचं. तीनशेवाल्यांची अंडी तोवर पडायला लागलेली असायची. फळ एकच असतं आणि ते संपतं, लेकरा. साध्या वाणानं या पाचशेवाल्यांना शर्यतीत मागे टाकलं. तेव्हा हाव नको.

बाप कुठून येतो

इथवर सारं सुरळीत आहे, आणि पुष्कळांच्या आयुष्यात पुढेही सुरळीतच राहतं. तरी नराची तोंडओळख हवी.

तुझ्यात एक्स गुणसूत्रं दोन, नरात एकच. स्वफलनाच्या हिशेबात पाचशे ते हजारात एखाद्या वेळी एक एक्स गहाळ होतं आणि नर जन्माला येतो. थोडक्यात, हा मुलगा हिशेबाच्या चुकीतून झालेला असतो. त्याला अंडी घालता येत नाहीत, स्वतःचं स्वतः काही करता येत नाही. शेपटीकडचा पंखा घेऊन तो तुझ्यासारख्यांना शोधत फिरतो. एकदा संबंध आला की त्या संततीत निम्मे नर निघतात, आणि काल औषधालाही न सापडणारी जात आज सडक्या फळात जिकडेतिकडे दिसू लागते.

तुम्ही उभयलिंगी एकमेकांना काही देऊ शकत नाही. तुमच्यात देणारं इंद्रियच नाही. म्हणजे बाहेरून शुक्राणू येणार तो फक्त नराकडून, आणि तो आला की तुझ्या शुक्रकोशात दोन घराणी समोरासमोर उभी राहतात: तुझे स्वतःचे तीनशे, आणि पाहुणे.

पाहुणे आल्यावर काय होतं

तुझे हरतात.

थोडेसे नाही, सपशेल हरतात. १९७९ साली वॉर्ड आणि कॅरेल यांनी पाहिलं की नराशी संबंध आल्यावर एलिगन्सची अंडी जवळजवळ सगळी नराच्या शुक्राणूंनी फळतात, घरचे शुक्राणू शिल्लक असूनही. ते तसेच पडून राहतात. मग लामुन्यन आणि वॉर्ड यांनी १९९५ आणि १९९८ साली याचं कारण काढलं. नराचा शुक्राणू आकारानं मोठा, मोठा असल्यानं जोरात सरपटणारा, आणि शुक्रकोशात घुसून लहानांना बाहेर ढकलणारा. वर सांगितलं ना, दर बीजांडामागे शुक्राणू बाहेर रेटले जातात आणि परत चढतात? त्या प्रत्येक चढाईत मोठा आधी पोचतो. घरच्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं.

आता तू म्हणशील, हा अन्याय आहे, घर आमचं. अन्याय आहे खरा, पण तो तूच करून ठेवलेला आहे. मोठा शुक्राणू बनवायला वेळ जास्त लागतो, आणि वेळेचं गणित पाचशेवाल्यांच्या गोष्टीत पाहिलंसच. तुझे तीनशे आपापसात स्पर्धा करत नाहीत. करून उपयोग काय, कुणीही जिंकलं तरी आई तूच आणि बापही तूच. म्हणून ते लहान, स्वस्त आणि झटपट तयार होतात. नराला दर खेपेला परक्या घरात दुसऱ्याच्या मालाशी झुंजायचं असतं, तेव्हा तो पैलवान तयार करतो. २००२ साली याच दोघांनी एलिगन्सचे घरचे शुक्राणू निकामी करून त्याला साठ पिढ्या फक्त नरांच्या आपापसातल्या झुंजीवर ठेवलं. नरांचे शुक्राणू सुमारे वीस टक्क्यांनी फुगले. झुंज वाढली की पैलवान वाढतो, इतकं ते सरळ आहे.

स्वतःचं स्वतः भागवणाऱ्याला कुणाशी स्पर्धा करावी लागत नाही, असा समज माणसांत फार आहे. एकटं राहणाऱ्याला निवांत म्हणण्याची त्यांची रीतच आहे. तुझ्या बाबतीत ते अर्धंच खरं. स्पर्धेत तू नाहीस हे कबूल, पण स्पर्धेचं मैदान तू आहेस, आणि त्यात उतरलेला सर्वांत दुबळा गडीही तुझाच आहे. नर आला नाही तर हे तुला मरेपर्यंत कळणारही नाही.

हरण्याचा फायदा मात्र आहे, तो नाकारू नये. तीनशेची मर्यादा शुक्राणूंमुळे होती, बीजांडांमुळे नव्हती. पाहुण्यांचा पुरवठा मिळाल्यावर एलिगन्सला हजाराच्या वर लेकरं झालेली आहेत.

तुझ्या शाखेसाठी खास सूचना. नराच्या शुक्राणूंतही दोन तट असतात, निम्म्यांत एक्स असतं, निम्म्यांत नसतं. १९९७ साली ब्रिग्जीवर केलेल्या प्रयोगात दिसलं की तरुण नराशी संबंध आल्यावर सुरुवातीची लेकरं बहुतेक उभयलिंगी निघतात, नर मागाहून येतात. एक्सवाले शुक्राणू बिगर-एक्सवाल्यांना मागे टाकतात असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे घरच्यांना हरवून झाल्यावर पाहुणे आपापसातही भांडतात. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाचे काका आणि मामा एकमेकांशी भांडताना पाहिले असशील तर नवल वाटणार नाही. पाहिले नसशील; तुला डोळे नाहीत.

जाताना कित्येक नर जननद्वारावर चिकट गोळा लावून ते बंद करतात, मागून येणाऱ्या दुसऱ्या नराची पंचाईत व्हावी म्हणून. एलिगन्सचा ब्रिस्टलहून आलेला प्रयोगशाळेतला प्रसिद्ध वाण ही कला विसरला आहे, त्याचं ते जनुकच मोडलं आहे. शहरात राहून संस्कार गेले, दुसरं काय.

पळावं की थांबावं

घरचे शुक्राणू शिल्लक असेपर्यंत पळ. तुझ्या कुळातली तरुण उभयलिंगी नराचा स्पर्श होताच वेगानं सटकतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नराचा सहवास आयुष्य कमी करतो हे एलिगन्समध्ये १९९६ सालीच नोंदलं गेलं. अंडी घालण्याच्या कष्टानं नाही, संबंधानंच. पुढच्या प्रयोगांत अंग आक्रसणं, लवकर मरण हेही दिसलं. २०१९ साली त्यात एक दिलासा सापडला: ज्याच्या पोटात स्वतःचे शुक्राणू आहेत त्याला नराचा हा उपद्रव बराच कमी बाधतो. झुंजीत हरणारे तुझे दुबळे गडी निदान एवढं तरी करतात. त्यांना अगदीच नावं ठेवू नकोस.

शुक्राणू संपले की धोरण बदल. तेव्हा अंगातून गंध सुटेल, तो नरांना लांबून खेचून आणेल, आणि पळण्याची इच्छाही राहणार नाही. वय झाल्यावर सुचलेलं शहाणपण असं कुणी म्हणेल, म्हणू दे. आधी स्वतःच्या हिमतीवर तीनशे, मग जमलं तर बाहेरचे. या क्रमात तोटा कमी.

फक्त एक धोका गांभीर्यानं घे. दुसऱ्या प्रजातीचा नर जवळ आला तर थांबू नकोस. ज्या प्रजातींत उभयलिंगी नसून नर-मादी वेगळे असतात, तिथल्या नरांत पिढ्यान्‌पिढ्या झुंज चाललेली असते आणि त्यांचे शुक्राणू फार आक्रमक असतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे परके शुक्राणू तुझ्यासारख्यांच्या शुक्रकोशात थांबलेच नाहीत. जननमार्ग फोडून ते अंगभर पसरले. परिणाम वांझपणा, आणि पुष्कळांना लवकर मरण. तुझ्या शरीरानं एवढा दांडगा पाहुणा कधी पाहिलेलाच नसतो, त्याला आवरायची सोय तिथे नाही.

(माणूस वाचकांनी या परिच्छेदाचा आधार घेऊन आपल्या घरातल्या कुणाच्या लग्नाबद्दल बोलू नये. त्यांची सगळ्यांची प्रजाती एकच आहे.)

शेजाऱ्यांकडे बघून शिकावं का?

शिकू नये, पण माहिती असावी.

बांधालगत गांडूळ खताचा बेड असेल. त्यातलं आयसेनिया हे गांडूळही उभयलिंगी, एकटं पडलं तर त्यालाही स्वतःचं स्वतः जमवता येतं. पण तिथे दोघंही एकाच वेळी देतात आणि घेतात, त्यामुळे हिशेब फार बारीक. २००८ साली स्पेनमधल्या संशोधकांनी या जातीच्या एका भावावर पाहिलं की जोडीदार आधी दुसऱ्याबरोबर जाऊन आलेला असेल तर गांडूळ त्याला जवळपास तिप्पट शुक्राणू देतं. आधीच्याचा माल आत आहे हे त्याला कसं कळतं? अंधारात, शेणात, डोळ्यांविना कळतं. तुझ्या नराकडे एवढी अक्कल असती तर तू आणखी अडचणीत आलं असतंस.

शेततळ्याच्या कडेला फायझा नावाची छोटी गोगलगाय असली तर ती संयमी आहे. तिला स्वफलन येतं, पण तिच्यात एकट्याची संतती कमकुवत निघते, म्हणून जोडीदार मिळाला नाही तर ती सुमारे दोन आठवडे थांबून पाहते आणि मगच नाइलाजानं एकटीचं सुरू करते. तुझं आख्खं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं, तेव्हा हा आदर्श तुझ्या कामाचा नाही.

राहिली मोठी शंखी गोगलगाय, जिनं २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे कोवळं सोयाबीन फस्त करून मराठवाडा हादरवला. मूळची पूर्व आफ्रिकेतली, भारतात १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आली. तीही उभयलिंगी, पण एकटीनं संसार करायच्या फंदात ती जवळजवळ पडतच नाही. तासन्‌तास जोडीनं राहते, दोघीही शुक्राणू घेऊन जातात, आणि ते महिनोन्‌महिने सांभाळून खेपेला शंभराच्या वर अंडी घालते. एकटी गोगलगाय नव्या शिवारात पोचून तिथे हजारो झाल्या की लोक म्हणतात हिनं एकटीनं केलं. एकटीनं कुठलं, बाप शंखातून बरोबर आणलेला असतो.

फळ संपत आल्यावर

हे प्रकरण अप्रिय आहे, पण पुस्तिकेत हवं. खायला मिळेनासं झालं की तू अंडी घालायची थांबशील आणि ती पोटातच फुटतील. लेकरं आतून तुला खातील. याला कुणी मातृत्याग म्हणेल, कुणी आणखी काही. तुझ्या बाबतीत ती आईलाही खातात आणि बापालाही, एकाच घासात.

त्यातून बाहेर पडलेल्या लेकरांना मात्र एक मार्ग आहे. गर्दी आणि उपासमार दिसली की ती वाढ थांबवून, तोंड मिटून, जाड कातडीच्या अवस्थेत जाऊ शकतात. या अवस्थेत महिनोन्‌महिने न खाता राहता येतं. शेपटीवर उभं राहून हवेत डोलायचं आणि जे जाईल त्याला चिकटायचं. तुझ्या घराण्यातले कृमी गोगलगायींच्या अंगावर आणि आतड्यांत पुष्कळदा सापडलेले आहेत. पुढच्या झाडाखालच्या फळापर्यंत जायला यापेक्षा सोयीचं काही मिळणार नाही. फक्त गूळपाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री बांधावर पसरलेलं असेल, तर त्याखाली जमलेल्या गोगलगायींवर चढायचं नाही एवढं लेकरांना बजावून ठेव. त्या सकाळी मिठाच्या पाण्यात जातात.